‘ओरिजिनल’ कार्बोरेटर कुठला? जुन्या बुलेट, येझदी आणि नाशिकची गॅरेजं

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे दोन तऱ्हेचे निरोप आले. काहींनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेजचा विषय कशाला? आणि ज्यांच्या अंगणात वडिलांची बुलेट किंवा काकांची येझदी उभी आहे, त्यांनी सरळ विचारलं की जुना कार्बोरेटर काढून नवा बसवायचा की नाही, तेवढं एकदा सांगून टाका. दुसऱ्या मंडळींना उत्तर मिळेल, पण थोडा धीर धरावा लागेल. कारण ‘जुना’ कोणता आणि ‘नवा’ कोणता, हेच आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला इतिहासाशिवाय दुसरा रस्ता नाही.

कार्बोरेटरचं काम थोडक्यात सांगतो. इंजिन हवा ओढतं. ती हवा एका निमुळत्या नळीतून जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचलं जाऊन तिच्यात मिसळतं. अत्तराच्या फवाऱ्याची बाटली आठवा, तत्त्व तेच. १८९३ साली हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी अशा फवारा-कार्बोरेटरचं पेटंट घेतलं, आणि त्याच सुमारास जर्मनीत मायबाखनेही तेच केलं. त्याआधी पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नुसती हवा फिरवून तिची वाफ इंजिनात नेत असत. रस्त्यावर खड्डा आला की सगळं गणित बिघडायचं.

मोटारसायकलच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९२७. इंग्लंडमधल्या अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्बोरेटरवाल्या कंपन्या एकत्र आल्या, आणि ‘अमाल्गमेटेड’ या शब्दावरून नाव पडलं अमल. पुढची तीस-चाळीस वर्षं ब्रिटिश मोटारसायकल म्हटली की अमल, हे समीकरण होतं. नॉर्टन, बीएसए, मॅचलेस, ट्रायम्फ, रॉयल एनफिल्ड, बहुतेकांच्या इंजिनाला अमलच लागलेला. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या लष्करी गाड्यांवर अमलचा जुना नमुना असे, म्हणजे पेट्रोलची वाटी वेगळी आणि मिश्रणाची नळी वेगळी. १९५० च्या दशकात दोन्ही एकाच ओतीव तुकड्यात घेऊन ‘मोनोब्लॉक’ आला. १९६७ मध्ये ‘कॉन्सेंट्रिक’ आला, ज्याची वाटी नळीच्या बरोबर खाली आहे. हे तीन नमुने ओळखता आले, तर जुन्या ब्रिटिश गाडीचं निम्मं वय तुम्ही लांबून सांगू शकता.

आता आपल्याकडे. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावातून नागरी हातांत आल्या. हे देशभर झालं. देवळालीसारखी छावणी शेजारी असलेल्या गावाला असा माल जरा जवळचा. पण आपल्या रस्त्यांवरची खरी गोष्ट बुलेटची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरला जुळणी सुरू झाली. आधी सुटे भाग इंग्लंडहून यायचे, मग साचे आणि यंत्रंही आली. इंग्लंडमधला कारखाना बंद पडला तरी मद्रासची बुलेट चालूच राहिली. त्याच काळात म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना निघाला. चेक बनावटीची जावा तिथे बनू लागली आणि पुढे तिलाच येझदी म्हणू लागले. तिच्यावर चेक घराण्याचाच जिकोव्ह कार्बोरेटर. पोलिश वळणाची राजदूत फरिदाबादहून येत असे. म्हणजे १९७० च्या आसपास नाशिकच्या एखाद्या गॅरेजात उभ्या असलेल्या तीन गाड्या तीन देशांचे वंशज असायच्या, आणि पान्हे मात्र एकाच डब्यात. बुलेटला इंची, जावाला मिलिमीटर. जुने मिस्त्री या डब्याबद्दल काय बोलायचे ते इथे सांगण्यासारखं नाही.

इथून पुढची गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. जपानमध्ये मिकुनी नावाची कंपनी होती. तिने अमलचा परवाना घेऊन कार्बोरेटर बनवले. १९६० च्या दशकातल्या काही यामाहांच्या कार्बोरेटरवर ‘अमल’ आणि ‘मिकुनी’ ही दोन्ही नावं एकत्र कोरलेली सापडतात. पुढे मिकुनीने आपला व्हीएम हा नमुना काढला. गोल स्लाईड, मधोमध निमुळती सुई, सुईला खाचा, खाली मेन जेट, बाजूला हवेचा स्क्रू. मग मद्रासच्या यूकॅलने मिकुनीच्या सहकार्याने भारतात ‘मिककार्ब’ बनवायला घेतला, आणि एनफिल्डच्या कारखान्याने बुलेटवरचा अमल उतरवून २४ मिलिमीटरचा मिककार्ब व्हीएम-२४ चढवला. म्हणजे ज्याला आज गॅरेजात ‘मॉडर्न कार्बोरेटर’ म्हणून बोट दाखवतात, तो अमलचाच जपानमार्गे परत आलेला नातू आहे. आणि त्याहून गमतीची गोष्ट अशी, की मिककार्ब चढल्यानंतरची बुलेट घेऊन कोणी ‘ओरिजिनल अमल बसवून द्या’ म्हणत आला, तर तो गाडीला कधीही नसलेला मूळपणा मागत असतो. तिचा ओरिजिनल मिककार्बच आहे. अशी माणसं येतात. त्यांना हे सांगितलं की थोडे नाराजही होतात.

मग ज्यांच्या गाडीवर खरोखर अमल होता, त्यांनी तो का काढला? आवडीपेक्षा गरज होती. अमलचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, आणि त्यात वरखाली फिरणारी स्लाईडही तसल्याच धातूची. दोन सारखे मऊ धातू एकमेकांवर घासले की दोन्ही झिजतात. स्लाईड सैल झाली की कडेने फुकटची हवा आत शिरते, आणि गाडी स्लोवर थांबत नाही. मग मालक स्क्रू आवळतो, रेस चढते, पुन्हा सोडतो, गाडी बंद पडते. दुसरं दुखणं फ्लँजचं. हे कार्बोरेटर इंजिनाला दोन बोल्टवर बसतात. हवा गळते म्हणून कोणी पान्ह्यावर जोर दिला, की फ्लँज धनुष्यासारखी वाकते, स्लाईडचं भोक किंचित लंबगोल होतं, आणि एखाद्या दिवशी स्लाईड उघड्या अवस्थेत अडकते. कसारा घाट उतरताना मूठ सोडली आणि इंजिनाची रेस खाली आलीच नाही, ही कल्पना करून बघा. हौसेच्या गप्पांत हा मुद्दा मागे पडतो, म्हणून मुद्दाम सांगतो आहोत. झिजलेला कार्बोरेटर ही ब्रेकइतकीच जिवाशी गाठ आहे. वाटीतली सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल गरम इंजिनावर गळतं, आणि त्याचं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

बाहेरच्या मालाची आयात अवघड असलेल्या त्या दिवसांत नवा अमल मिळणं म्हणजे कोणाचा तरी नातेवाईक इंग्लंडात असणं. त्यात १९७३ नंतर पेट्रोल महागलं. ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतही विचारला जाऊ लागला. एक गंमत जाता जाता. याच ॲव्हरेजपायी पुढे एनफिल्डने डिझेलची बुलेट काढली. तिच्यात कार्बोरेटरच नव्हता. प्रश्नच मिटवला!

नाशिकपुरतं बोलायचं तर आपल्याकडे आणखी एक गोष्ट होती. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, आणि त्या दशकाच्या अखेरीस सातपूरला मायको आली, जिला आज आपण बॉश म्हणतो. डिझेलच्या नोझलचं काम म्हणजे मायक्रॉनचा हिशेब. केसाच्या कितीतरी पटीने बारीक फटीत इंधन कसं वागतं, हे ज्यांच्या बोटांना कळतं अशी माणसं या गावात शिफ्ट संपवून सायकलवर घरी जायची. त्यांच्या भोवती लेथवाले, ग्राइंडिंगवाले, टूलरूमवाले वाढले. अशा हातांकडून झिजलेल्या अमलला नवं आयुष्य देता येतं. अंग आतून गोल करून घ्यायचं, स्लाईड कातून तिच्यावर पितळेची बाही चढवायची, फ्लँज काचेवर पॉलिशपेपर ठेवून सपाट घासायची. पितळ आणि जस्त हे वेगळे धातू असल्यामुळे जोडी जास्त टिकते. हे काम रोगावरचं खरं औषध आहे. दुकानात मात्र त्याला किंमत नसते, कारण ‘नवीन टाकून देतो, उद्या घेऊन जा’ हे वाक्य ऐकायला गोड लागतं.

तरीही नवा बसवायचा ठरलं, तर काय होतं? इथे थोडं तपशिलात जाऊ, कारण बहुतेक भांडणं इथेच होतात.

अमलला टिकलर असतो. ती छोटी पिन दाबली की फ्लोट खाली जातो, वाटी तुडुंब भरते, दोन थेंब बाहेर येतात. बोटाला पेट्रोलचा वास लागला की किक मारायची. मिकुनीच्या व्हीएमला ही सोय नाही. त्याला ज्याला आपण चोक म्हणतो तो एक लहानसा वेगळा मार्ग आहे. तो दट्ट्या उचलला की जास्तीचं पेट्रोल आत येतं. मात्र मूठ बंद असेल तरच, कारण मूठ उघडली की त्या मार्गावरची ओढच संपते. आता तीस वर्षं अमल चालवलेले गृहस्थ थंडीत गाडी काढतात. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, राज्यातला सगळ्यात कमी पारा पुष्कळदा तिथलाच असतो. ते सवयीने चोक ओढतात आणि त्याच सवयीने अर्धी रेस देऊन किक मारतात. दहा किका, वीस किका, गाडी ढिम्म. मग फोन येतो: ‘तुमचा नवीन कार्बोरेटर भिकार आहे.’ कार्बोरेटर ठीक असतो. मूठ सोडायला सांगितलं की दुसऱ्या किकेला सुरू.

दुसरं जेटच्या आकड्यांचं. अमलच्या मेन जेटवरचा आकडा मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन वाहतं ते सांगतो. मिकुनीची मोजणी वेगळी आहे, आणि तिच्यातही षटकोनी डोक्याचे जेट वेगळे, गोल डोक्याचे वेगळे. म्हणून ‘जुन्यात १७० होता, यातही १७० टाका’ हे गणित चुकतं. योग्य पद्धत तीच, जी अमलच्या काळापासून शिकवली जाते. मूठ पूर्ण बंद ते आठवा हिस्सा उघडी असताना पायलट जेट आणि हवेचा स्क्रू बोलतो. आठव्या ते पाव हिश्श्यात स्लाईडच्या तळाचा तिरका काप. पाव ते पाऊण सुई, आणि त्यापुढे मेन जेट. गाडी कुठे अडखळते ते बघायचं, मुठीवर खडूने खूण करायची, आणि त्या टप्प्याचा भाग तेवढा बदलायचा. हवेचा स्क्रू आत घेतला की मिश्रण दाट होतं, बाहेर काढला की पातळ. प्लग काळा पडला तर दाट, पांढुरका आणि भाजल्यासारखा असेल तर पातळ, आणि कॉफीच्या रंगाचा असेल तर चहा प्यायला हरकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त फारच थोड्या गॅरेजांत पाळली जाते.

तिसरा प्रकार व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरचा. याची कल्पना १९०५ च्या आसपास इंग्लंडातल्या स्किनर बंधूंची, म्हणजे एसयू कार्बोरेटरची. अलीकडच्या, इंजेक्शनच्या आधीच्या ३५० एनफिल्डवर मिकुनी जातीचा बीएस-२९ याच तत्त्वाचा. यात मूठ फक्त झडप फिरवते. स्लाईड केव्हा उचलायची ते इंजिनाची ओढ ठरवते. जुन्या बुलेटवर तो बसवला की ॲव्हरेज सुधारतं आणि रेस मऊ चढते. आणि तिथेच अनेकांचं मन मोडतं. मूठ पिळल्याबरोबर येणारा तो धक्का, तो ‘डुग’, नाहीसा होतो. आमच्या मते रोज कामावर जायच्या गाडीला तो कार्बोरेटर चांगला, रविवारच्या गाडीला नको. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकली ‘रेसिंग’ कार्बोरेटरबद्दल एवढंच सांगतो, की डब्यावरचं नाव आणि आतलं जेट यांची भेट झालेली नसते.

या सगळ्यात गेल्या काही वर्षांत नवा पाहुणा आला आहे, इथेनॉल. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. या इथेनॉलचा ऊस आपल्याच निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यातही उभा असतो, त्यामुळे शेतकऱ्याच्या बाजूने बघणाऱ्याला ते नकोसं वाटायचं कारण नाही. पण १९६० सालच्या कार्बोरेटरला कोणी विचारलेलं नाही. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. जेट अंदाजे सात-आठ टक्क्यांनी मोठा हवा. इथे नाशिकची उंची थोडी मदतीला येते. समुद्रसपाटीपासून आपण जवळजवळ ६०० मीटर वर आहोत, हवा विरळ आहे, त्यामुळे मुंबईत बसवलेली गाडी इथे आपोआप दोन-तीन टक्के दाट चालते. उरलेली भरपाई सुईची क्लिप एक खाच खाली सरकवून किंवा मोठा जेट टाकून करावी लागते.

इथेनॉलचा दुसरा त्रास धातूला. ते हवेतलं पाणी शोषतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की वाटीच्या तळाशी पाणी, आणि जस्ताच्या अंगावर पांढरी भुकटी. ती भुकटी पायलट जेटमध्ये अडकते. पेट्रोल कॉकमधले जुने बुचाचे वायसर, जुने रबर, काही जुने प्लॅस्टिकचे फ्लोट यांनाही ते खातं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवायचं, किंवा तळाचा स्क्रू काढून ओतून द्यायचं. खर्च शून्य. आज इथेनॉलमुळे जो तो ‘नवा बसवा’ म्हणतो आहे, त्यातल्या निम्म्यांचं काम एवढ्यानेच भागेल. आणि हे लक्षात घ्या की नवा मिककार्ब किंवा मिकुनीही या पेट्रोलसाठी आपोआप जुळलेला नसतो. त्याचाही जेट बदलावाच लागतो.

आता कायद्याकडे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. आता कार्बोरेटर बदलणं हा इंजिनातला मोठा फेरफार की किरकोळ दुरुस्ती? दोन बोल्टवर बसणारा आणि अर्ध्या तासात परत चढवता येणारा भाग आम्हाला तरी मोठा फेरफार वाटत नाही. पण तपासणाऱ्याला तसं वाटेलच असं नाही, आणि त्या वेळी मूळ कार्बोरेटर हातात असेल तर वाद दोन मिनिटांत संपतो. नसेल तर गाडीचं वय कागदावर सिद्ध करत बसा.

आणि तो हातात नसतो, हीच अडचण आहे. जुना कार्बोरेटर कुठे जातो? गॅरेजच्या कोपऱ्यातल्या डब्यात, तिथून किलोच्या भावाने भंगारात. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने हटवला. अतिक्रमणाचा प्रश्न होता, त्यावर आम्हाला बोलायचं नाही. पण जुन्या गाड्यांच्या माणसांसाठी अशा बाजारातले लोखंडाचे ढीग म्हणजे दफ्तरखाना असतो. एखादा मोनोब्लॉक, एखादा जिकोव्ह ढिगातून काढून, नंबर वाचून, तो कुठल्या मॉडेलचा ते ओळखता येतं. कार्बोरेटरच्या अंगावर आकडे ठोकलेले असतात आणि ते इंजिनाच्या प्रकाराशी जुळतात. इतिहासकाराला याहून चांगला पुरावा कुठला हवा? तोच भाग वितळून त्याचं कुठल्यातरी दाराचं हँडल होतं.

तर विचारणाऱ्यांना आमचं उत्तर. युद्धकाळातली किंवा १९६० च्या आधीची गाडी असेल आणि तिच्यावर मूळ कार्बोरेटर असेल, तर तोच दुरुस्त करून घ्या, पितळेची बाही चढवा, घाई करू नका. इंग्लंडमध्ये अमलच्या नावाने नवे कार्बोरेटर आणि सुटे भाग आजही बनतात, ते मागवता येतात, खिसा मात्र हलका होतो. कारखान्यातूनच मिककार्ब घेऊन आलेली बुलेट असेल आणि तो झिजला असेल, तर नवा मिककार्ब बिनधास्त बसवा. आणि मधल्या काळातली, रोज चालवायची गाडी असेल तर मिकुनी बसवा, पण उतरवलेला कार्बोरेटर स्वच्छ धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून डब्यात ठेवा. डब्यावर चिठ्ठी: गाडीचा नंबर, काढल्याची तारीख, जेटचा आकडा, सुई कितव्या खाचेत होती. कोणी काढला त्या मिस्त्रीचं नावही लिहा. आम्ही काही घरांत वही बघितली आहे, १९७० च्या दशकातली, ज्यात वडिलांनी प्रत्येक वेळचा प्लग, प्रत्येक जेट आणि त्या महिन्याचं ॲव्हरेज लिहून ठेवलंय. अशी वही असेल तर ती गाडीबरोबरच ठेवा, विकताना काढून घेऊ नका.

आता प्रश्न घेऊ. समोरच्या टेबलावर एक मोनोब्लॉक, एक जिकोव्ह आणि एक व्हीएम-२४ ठेवला आहे, हातात घेऊन बघा, स्लाईड वरखाली करून बघा. मोनोब्लॉकच्या बाजूचं झाकण मात्र उघडू नका. आत अजून थोडं पेट्रोल आहे.